धाकटीच्या भिंतीचा रंग

धाकट्या जावेने एक खोली रंगवली आणि थोरलीच्या पोटात दुखू लागलं. रंग साधासुधा पिवळा नव्हता. मुरलेल्या मधासारखा गडद सोनेरी होता, आणि खोली होती सासूबाईंसाठी. बारा वर्षं थोरलीकडे राहिलेल्या सासूबाईंना धाकटी आठ दिवसांसाठी घेऊन गेली, आणि जाताना दारातच म्हणाली, "आवडलं तर आई, कायमच्याच राहा."

बारा वर्षं पथ्यपाणी हिने सांभाळलं, अधू डोळ्यांत दिवसातून तीनदा थेंब हिने घातले. आणि दुसऱ्याच दिवशी सासूबाई फोनवर म्हणतात काय, "भिंत फार सुंदर रंगवलीय गं. मलासुद्धा दिसते." थोरलीच्या अंगाचा तिळपापड झाला. तिच्या हातच्या चहाला त्यांनी कधी बरं म्हटलं असेल तर शपथ. पिकतं तिथे विकत नाही, ते असं.

आपल्या घरातल्या सासूबाईंच्या खोलीसाठी तिने धाकटीचाच रंगारी गाठला.

"तोच रंग हवा. नंबरसुद्धा तोच."

"वहिनी, त्यांच्या खोलीत ऊन येतं. तुमच्याकडे एक शेड फिकी घ्या."

"तोच. आणि पडदे कसले आहेत तिथे?"

रंगारी भेगा बुजवायची लांबी कालवायचा थांबला. "पांढरे. बारीक फुलांचे."

"पलंग?"

"भिंतीसमोर."

पडदे आले, पलंग फिरला. नवऱ्याने "आईला एकदा विचारायचं तरी" एवढं म्हणून पाहिलं. "विचारायचं काय त्यात? दिसेलच की त्यांना," थोरली म्हणाली. दोन हात मारून झाले, रंग वाळून आणखी गडद झाला. रंगाऱ्याने फोनवर पाठवलेला धाकटीच्या खोलीचा फोटो भिंतीशेजारी धरून तिने चारचारदा पाहिलं. तसूभर फरक नव्हता. आता कशी नेते ते बघू, असं तिला झालं.

नवव्या दिवशी भर दुपारी नवरा आईला घेऊन आला. प्रवासाने शिणलेल्या सासूबाई पडदे ओढलेल्या खोलीत थेंब घालून, डोळे मिटून तशाच पडल्या. त्यांना गाढ झोप लागली. संध्याकाळी थोरलीने पडदे बाजूला सारले आणि चहाचे दोन कप घेऊन मुद्दाम भिंतीला लागून उभी राहिली. कौतुक ऐकायला तिचे कान आसुसले होते.

सासूबाई उठून बसल्या. भिंतीकडे पाहिलं, पडद्यांकडे पाहिलं, आणि त्यांचा चेहरा उतरला.

"धाकटे," त्या म्हणाल्या, "मला वाटलं, मी घरी पोचले. स्वप्नच पडलं म्हणायचं." मग म्हणाल्या, "रंग छानच आहे गं तुझा, मी नाही कुठे म्हणते. पण आता मला सोड. तिकडे थोरली चहा टाकून बसली असेल. माझ्याशिवाय तिला चहा जात नाही."

एवढे दिवस थोरली आतल्या आत जळली, आणि उत्तर हे होतं. तिने कप खाली ठेवले आणि पलंगाच्या कडेवर बसली.

"आई, चहा घ्या. गार होतोय."

सासूबाईंनी आवाज ओळखला. चाचपडत तिचा हात शोधला आणि घट्ट धरला.

"आलीस होय तू? मला न्यायला आलीस ना?"

"हो," थोरली म्हणाली.