‘तुलोस्सा’तला एकटा स्वर

“ढोल थांबले की सगळे गप्प. मोजत बसू नका, नुसते गप्प. मग तुईया, तू एकटी. आणि हळू गा. लोकांनी पुढे वाकून ऐकलं पाहिजे.”

साकारीचं हे बजावणं तुईयाच्या कानांत इतकी वर्षं जसंच्या तसं राहिलं होतं. आज चर्चच्या सभागृहात कॉफीचं मोठं भांडं चढवताना तिला ते पुन्हा ऐकू आलं. बाहेर मार्चचं ऊन बर्फावर इतकं लखलखत होतं की खिडकीकडे पाहवत नव्हतं. थोड्या वेळाने सगळे येणार होते. सगळे म्हणजे, जे उरले होते ते.

साकारी तरुणपणी गावातल्या एकुलत्या एका चित्रपटगृहात चित्रपट दाखवायचं यंत्र चालवायचा. चित्रपटांचं त्याला फारसं कौतुक नव्हतं. त्याचा जीव ट्रेलरमध्ये. “चित्रपट दोन तास बडबडतो आणि शेवटी पचका करतो,” तो म्हणायचा, “ट्रेलर कसा, नुसती आशा लावून निघून जातो.” ट्रेलरमधल्या संगीताच्या वेडापायी त्याने बँड काढला. तो स्वतः इलेक्ट्रिक गिटारवर, कालेवी ड्रमवर, राइली चेलोवर, दोन व्हायोलिनवाले, चर्चमध्ये ऑर्गन वाजवणारी तुईया कीबोर्डवर, शिवाय तिच्याच गायनवृंदातल्या सहा बायका. नाव ठेवलं ‘तुलोस्सा’. चित्रपटगृहाच्या दारावर नव्या चित्रपटांच्या चित्रांवर हाच शब्द लिहिलेला असे, म्हणजे ‘लवकरच येत आहे’.

कधीच न निघणाऱ्या चित्रपटांचे ट्रेलर ते वाजवत. शनिवारी चित्रपट सुरू होण्याआधी पडद्यासमोर दाटीवाटीने उभे राहायचे आणि छप्पर हलवून सोडायचे. काही लोक तेवढं ऐकून चित्रपट न बघताच घरी जात. मालक कपाळाला हात लावायचा, पण तिकिटाचे पैसे आलेले असत, त्यामुळे बोलायचा काही नाही.

असल्या संगीताला वृंदगान लागतंच. आणि त्यातल्या शब्दांना बहुधा काही अर्थ नसतो. लॅटिनसारखं काहीतरी गडगडवायचं, एवढंच. पहिल्याच तालमीला, याच सभागृहात, तुईया खाली बघत म्हणाली होती, “अर्थ नसलेलं काही मी इथे म्हणणार नाही.”

“मग काय म्हणशील?”

“जेवणाआधीची प्रार्थना म्हणते. ती सगळ्यांना पाठ आहे.”

साकारी हसून हसून जमिनीवर बसला होता. पण झालं तसंच. एकेक अक्षर इतकं ताणलं, त्यावर इतके ढोल घातले, की ध्वनिफीत ऐकून दूरदेशीच्या एका चाहत्याने लिहून कळवलं, हा प्राचीन काळचा युद्धातला शाप असावा. पुढे कित्येक दिवस कालेवी सँडविच तोंडाशी नेताना ओरडायचा, “थांबा रे, आधी शाप!”

मग चित्रपटगृह बंद पडलं. तिथे आता गालिचे विकतात. राइली दूर ओउलू शहरात गेली, व्हायोलिनवाले कुठे कुठे पांगले, सहा बायकांतल्या चौघी चर्चमागच्या दफनभूमीत बर्चच्या झाडांखाली विसावल्या.

आणि साकारीचे कान गेले. डावा आधी गेला, उजवाही जात चालला होता. कानात यंत्र बसवायची शस्त्रक्रिया करा, असं डॉक्टर म्हणत होते. बोलणं कळेल, पण संगीत पूर्वीसारखं लागणार नाही, आणि उरलेलं थोडंसं ऐकणंही बहुधा जाईल. साकारी अडून बसला. शेवटी त्यानेच तोड काढली: शेवटी तुईया एकटी गाते तो मोठा तुकडा एकदा माझ्यासमोर वाजवा. पूर्ण ऐकू आला तर शस्त्रक्रिया नाही. नाही आला, तर तुम्ही म्हणाल तसं.

आज त्यासाठीच सगळे जमले; राइलीही ओउलूहून आली होती. कालेवी त्याच्या उजव्या कानाशी ओरडला, “काय म्हाताऱ्या, ऐकू येतंय का?”

“तुझं पोट दिसतंय, तेवढं बास झालं.”

“खांदा दुखतोय माझा. तुझ्यासाठी वाजवतोय, लक्षात ठेव.”

“आधी वाजव. मग उपकार काढ.”

साकारी मधोमध खुर्ची घेऊन बसला आणि त्याने डोळे मिटले. “बघून ओळखलं, असं नको व्हायला,” तो म्हणाला.

चेलोचा तो खालचा लांबलचक सूर आला आणि तुईयाची बोटं आपोआप कीबोर्डवर पडली. दोन म्हाताऱ्या बायका आणि ती, तिघींनी सहा जणींचा आवाज काढला. कालेवी खांदा विसरला. कपाटातल्या कपबश्या वाजू लागल्या. साकारीची बोटं गुडघ्यावर चालत होती, ओठ हसत होते. मग ढोल थांबले. सगळे गप्प झाले. आणि तुईया एकटी गायली, उंच, बारीक, सांगितलं होतं तितक्याच हळू.

तिचं गाणं संपलं. साकारी डोळे मिटून, किंचित पुढे वाकून तसाच बसून होता. वाट बघत.

राइलीने तोंडावर हात धरला. कालेवी तुईयाजवळ येऊन कुजबुजला, “पुन्हा गा. जोरात गा. त्याला काय कळणार आहे?”

क्षणभर तिलाही वाटलं, गावं. एवढा आनंद होता त्या चेहऱ्यावर. पण मग हा माणूस घरी जाऊन त्या एका खोट्या सुरावर विसंबून बसेल, आणि एके दिवशी कुणाचंच काही कळणार नाही. ती त्याच्यासमोर खुर्ची ओढून बसली आणि तिने त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. त्याने डोळे उघडले.

“थांबलीस का? गा ना.”

“गाऊन झालं, साकारी,” ती स्पष्ट, सावकाश म्हणाली.

“कधी?”

“आत्ताच.”

तो खिडकीतल्या उजेडाकडे वळला. कालेवीने उगीचच कॉफी ओतली, ती बशीत सांडली.

“ढोल ऐकले मी,” साकारी म्हणाला. “छातीत ऐकले.” मग त्याने विचारलं, “त्या यंत्रातून तुझा आवाज कसा येईल?”

“डब्यातून आल्यासारखा, म्हणतात. सुरुवातीला तरी.”

“घरी माझ्या बहिणीचा तसाही डब्यातूनच येतो.” तो हसला, पण डोळे भरले होते. “करून टाकू. फक्त ते यंत्र पहिल्यांदा चालू करतील ना, त्या दिवशी तू ये. पहिला आवाज बहिणीचा नको.”

“येईन,” तुईया म्हणाली.

एप्रिलमध्ये शस्त्रक्रिया झाली. जखम भरून यायला महिना गेला. तोवर तळ्यावरचा बर्फही फुटून गेला होता.

मेमधल्या एका मंगळवारी इस्पितळात यंत्र चालू करणार होते. त्या सकाळी तुईयाने रोजची प्रार्थना आटपली, थर्मासमध्ये कॉफी भरली, वेलचीच्या गोड पावाचे चार तुकडे कागदात गुंडाळले. यंत्र चालू झाल्यावर आधी काय बोलायचं, हे तिने अजून ठरवलं नव्हतं. शेजारी झोपले असतील म्हणून तिने गाडीचं दार हलकेच लावलं आणि साकारीला घ्यायला गाडी त्याच्या घराकडे वळवली.