त्याच दोरावर

मित्रांनो, मी पिंपरीजवळच्या एका गावाचा पाळणा आहे. एका घराचा नव्हे, गावाचा. बाभळीच्या लाकडातून मला घडवले, तेव्हापासून मी घरोघर फिरलो. ज्या घरी बाळ येई, ते घर मला मागून नेई आणि बांधावरच्या अंबाडीचा नवा दोर वळून मला टांगी. तशी रीतच होती.

तेव्हा माझे कौतुक फार. पण माझ्यात निजलेली कितीतरी बाळे तापाने गेली. किती जगतील याचा भरवसा नसे आणि शेताला तर हात हवे असत. म्हणून बायका पुन्हा पुन्हा बाळंत होत.

स्वातंत्र्यानंतर काही वर्षांतच शेतजमिनी कारखान्यांना गेल्या. बांध तारेच्या कुंपणाआड गेले. गोजाबाईंची नात ठकू माझ्यात वाढली. तापातून ती इंजेक्शनामुळे वाचली. आता ती चार वर्षांची आहे, पण मला पुढे न्यायला कोणी आलेच नाही; मी अजून तिच्याच वेळच्या दोरावर टांगलेला आहे.

रिकामा पाळणा अशुभ, म्हणून गोजाबाईंनी माझ्यात वरवंटा निजवला, बारशाला बाळाआधी ठेवतात तसा, कुंची घालून. नातू यावा म्हणून त्या मला रोज हलवतात.

"आत्याबाई, काढा त्यो दगूड," त्यांची सून शालन आज सकाळी म्हणाली. ती औषधाच्या कारखान्यात जाते.

"बाटल्यांना लेबलं डकवून वंश वाढतो व्हय गं?"

"वाढवून ठेवू कुठं? रान गेलं, खोली एकच. दिवस गेले तर माझं काम जाईल. ठकूला शाळंत घालायचीय. एकच हाय, पर जगली न्हवं?"

"पोरगी हाय ती."

"मग निदान दोर तरी बदला."

"बाळाआधी नवा दोर? अवदसा आठवली का तुला?"

शालन शिफ्टला गेली.

मित्रांनो, दोर एकदम तुटत नाही. वर आढ्याच्या कडीत तो घासतो, तिथे नजर पोचत नाही. तिथलेच तंतू आधी जातात. खालून दोर धडधाकट दिसतो. आता फार थोडे उरले आहेत.

ठकू माझ्याखाली भातुकली मांडून बसली आहे. गोजाबाई डोळे मिटून अंगाई म्हणत झोके देत आहेत. मला करकरण्यापलीकडे बोलता येत नाही, आणि तो आवाज त्यांना शुभ वाटतो.

तुमच्यापैकी कोणी या दारावरून जात असेल, तर आत या. जे बाळ आलेले नाही, त्याची काळजी नंतर करा. आधी ठकूचा हात धरून तिला बाजूला घ्या. मग वर पाहा.