हात दिसेल अशी गाळणी

स्टाइनीमामाच्या तळघरातली भट्टी एकतीस वर्षांची होती. गॅसवर चालायची. घरातली गार हवा ओढायची, तापवायची आणि पत्र्याच्या नळ्यांतून पुन्हा खोल्यांत सोडायची. हवा आत शिरते तिथे धूळ अडवायला एक गाळणी असते. तिच्याबद्दल मामाचा एकच नियम होता : उजेडात धरली की पलीकडचा हात दिसला पाहिजे.

"हात दिसतो म्हणजे धूळही आरपार जाते," मी डिसेंबरात म्हणाले होते. मी नुकतीच भौतिकशास्त्राची पदवी घेतली होती आणि मामाला खोकला होता. दुकानातली सर्वांत दाट गाळणी आणून मी बसवलीसुद्धा.

"पोरी, भट्टीलाही नाक असतं."

"मामा, तू तळ्यातली मासेमारी बघ. हवेचं मी बघते."

नाताळात हाल्लाने, माझ्या मामेबहिणीने, परत विषय काढला. एकटा राहू नकोस, विनिपेगला ये, फ्लॅट बघून ठेवलाय. मामाने सगळ्यांदेखत तिच्या हातात हात दिला. "भट्टी आपल्या मरणाने मेली की घर विकायच्या कागदावर सही करतो. तोवर नाव काढायचं नाही." कॅनडातल्या आमच्या गिमली गावात असा दिलेला हात कोणी मागे घेत नाही.

जानेवारीत बाहेर उणे चौतीस असताना भट्टी दर पाच मिनिटांनी विझू लागली. मी पोचले तेव्हा घरात तेरा अंश होते. मामा कानटोपी घालून तळघरात उभा होता आणि दुरुस्तीवाला ओरेस्ट भट्टीचं दार काढून बसला होता. आतला छोटा दिवा चारदा लुकलुकायचा, थांबायचा, परत चारदा. खुणांचा तक्ता दाराच्या आतल्या बाजूला चिकटवलेला असतो. ओरेस्टच्या आधी मीच तो वाचला. चार म्हणजे अति तापली. हवा कमी पडली की उष्णता आतच कोंडते, हे उत्तर लिहून मी परीक्षेत पूर्ण गुण मिळवले होते.

ओरेस्टने गाळणी ओढून काढली. ती शिडासारखी आत फुगली होती.

"ही गोधडी कोणी कोंबली?"

"मीच," मामा म्हणाला. माझ्याकडे बघितलंही नाही. एक वाक्य बोलायचं होतं. मी बोलले नाही.

ओरेस्टने गाळणीशिवाय भट्टी पेटवली. ज्योती निळ्या, सरळ होत्या. मग पंखा सुरू झाला आणि त्या एका बाजूला झुकल्या. त्याने झटकन गॅस बंद केला.

"ज्योतींवरच्या पेटीला तडा गेलाय, काका, पंख्याची हवा त्यातून ज्योतींवर येतेय. विषारी वायू खोल्यांत शिरेल. आता ही पेटवायची नाही." त्याने भट्टीला लाल चिठ्ठी बांधली.

"गाळणीमुळे?" मी विचारलं.

"सारखा तापून निवला की पत्रा तडकतो. पण एकतीस वर्षं झालीत. आधीचाही असेल. कोण सांगणार?"

मामा वर गेला. मी जिना चढेपर्यंत त्याने फोन लावला होता. "हाल्ला, भट्टी गेली. शनिवारी कागद घेऊन ये."

मी त्याच्या हातातून फोन घेतला. "हाल्ला, ती आपल्या मरणाने नाही मेली. मी मारली." मग गाळणीचं सगळं सांगितलं.

"ब्रिन, बाबाला वाचवायला थापा मारू नकोस."

"खरंच सांगतेय."

"पुरावा?"

मी तळघरात गेले. गाळणी दिव्यासमोर धरली, मागे पंजा पसरला आणि ओरेस्टला फोटो काढायला लावला. पाठवताना खाली लिहिलं, 'मागे माझा हात आहे', कारण तो दिसत नव्हता.

उत्तर यायला अर्धा तास लागला. 'कागद राहू देत. शनिवारी विजेचे दोन हीटर आणते. नवी भट्टी निवडायला ब्रिनने यायचं नाही.'

मामाला वाचून दाखवलं. तो हसला आणि हसता हसता त्याला ढास लागली. खोकला डिसेंबरात होता तसाच होता. तडा कधीचा, ते मला अजून माहीत नाही.