पक्षीमहाराजांचा उजवा हात

पाच वाजायला दोन मिनिटं होती आणि आमच्या इमारतीच्या गच्चीवर पाय ठेवायला जागा नव्हती. एरवी इथे सभा बोलावली तर चार टाळकी जमतात, तीही भांडायला. आज पाचव्या मजल्यावरचे गुडघेदुखीवाले आजोबासुद्धा जिना चढून आले होते. पाण्याच्या टाकीपाशी पक्षीमहाराज डोळे मिटून उभे होते आणि कठड्यावर शंभरेक कबुतरं.

"पक्ष्यांनो, ही वास्तू सोडा," महाराज म्हणाले आणि त्यांनी उजवा हात उचलला.

भर्रकन सगळा थवा उडाला आणि रस्त्यापलीकडच्या गोदामामागे दिसेनासा झाला. एकही मागे राहिलं नाही. शेजारच्या काकूंनी हात जोडले. सेक्रेटरीकाका चष्मा पुसायला लागले. खरं सांगते, माझ्याही अंगावर काटा आला. मग आपण नववीत आहोत हे आठवलं आणि मी तो परत घेतला.

घोळ एवढाच होता की महाराज रोज पाचला त्यांना घालवायचे आणि दुसऱ्या दिवशी सकाळी कबुतरं परत हजर असायची.

इमारतीच्या मधोमध डक्ट आहे, म्हणजे न्हाणीघरांच्या खिडक्या जिच्यात उघडतात ती उभी पोकळी. तिथल्या पाइपांवर कबुतरांची घरटी आणि तळाशी त्यांच्या घाणीचा वीतभर थर. त्या डक्टला लागूनच माझ्या आत्याची खोली. आत्या कपडे शिवते आणि वर्षभर खोकते. डॉक्टरांनी तिला स्पष्ट सांगितलं होतं, वाळलेल्या घाणीची धूळ फुप्फुसात जातेय, डक्ट साफ करून वर जाळी बसवा. सभेत जाळीचं ठरलंही होतं. तेवढ्यात महाराज उगवले.

"जाळी? पक्ष्यांची वाट अडवाल, तर तुमचं नशीब अडेल," ते म्हणाले. झालं. जाळी रद्द.

आता कबुतरं परत का येतात, हे कोणीतरी विचारणारच होतं. महाराजांचं उत्तर तयार होतं. "मी घालवतो, पण इथे त्यांना कोणीतरी बोलावतंय. छातीतून आवाज काढून."

सगळ्या माना आत्याकडे वळल्या. बिचारी नेमकी तेव्हाच खोकली.

त्या संध्याकाळी सेक्रेटरीकाका घरी आले. "महिनाभर बहिणीला दुसरीकडे ठेवा," ते बाबांना म्हणाले. "सगळ्यांच्या भल्यासाठी सांगतोय. रविवारी गच्चीवर ठरवूनच टाकू."

"आणि माझं मशीन? गिऱ्हाइकांना काय सांगू, कबुतरांनी हाकललं?" आत्याने टीप न थांबवता विचारलं.

काका चहा अर्धा टाकून गेले. आत्याने मशीन थांबवलं आणि गिऱ्हाइकांचे अर्धवट कपडे पिशवीत भरायला घेतले. तेव्हा माझं डोकं सटकलं.

गुरुवारी मी महाराजांकडे बघायचंच सोडलं आणि कबुतरांकडे बघत बसले. पाच वाजले. हात उचलला गेला. कबुतरं ढिम्म. एकाने मान खाजवली. महाराजांनी हात आणखी उंच केला.

"पक्षी विचार करताहेत," ते म्हणाले.

पक्ष्यांनी चांगलं अर्धं मिनिट विचार केला. मग पलीकडून बारीक खडखड ऐकू आली आणि थवा उडाला.

शुक्रवारी पाचला मी गच्चीवर नव्हते, गोदामामागे होते. तिथे महाराजांचा मिशीवाला शिष्य पत्र्याचा डबा खडखडवत होता. कबुतरं उतरली तसे त्याने मक्याचे दाणे पसरले.

"काका, हे काय करताय?"

"सेवा. तू जा, अभ्यास कर."

"काल उशीर झाला का हो?"

"चप्पल तुटली होती," तो बोलून गेला आणि मग त्याने घाईघाईने डबा पाठीमागे लपवला.

आता मला सगळं आठवलं. आल्या आल्या महाराजांनी आठ दिवस गच्चीवर 'पक्ष्यांशी मैत्री' केली होती. रोज पाच वाजता, असाच डबा वाजवून, झोळीतला मका टाकून. कबुतरांना मंत्र नाही, जेवणाची घंटा पाठ झाली होती.

रविवारी मी आत्याचा बटणांचा डबा घेऊन निघाले.

"एक बटण जरी हरवलंस ना, तर बघ," आत्या म्हणाली. पण मागोमाग तीही वर आली.

पाचला पाच कमी असताना मी महाराजांच्या मागे उभी राहिले आणि डबा जोरात खडखडवला. कठड्यावरची सगळी कबुतरं आमच्या अंगावर. बटणांत त्यांना रस नव्हता. त्यांना माहीत होती महाराजांची झोळी. तीन झोळीवर, दोन खांद्यावर, एक थेट डोक्यावर.

"हूश! अरे हाकला यांना कोणीतरी," महाराज ओरडले.

"तुम्हीच हात उचला ना," पाचव्या मजल्यावरचे आजोबा म्हणाले.

महाराजांनी दोन्ही हात उचलले, डोकं झाकायला. एकही कबूतर हललं नाही. झोळी फाटली, मका सांडला आणि गच्चीवर हशा पसरला. मी शिष्य, डबा, चप्पल, सगळं सांगितलं. कोणाला खोटं वाटत असेल तर पाच मिनिटं थांबा, असंही म्हटलं. लोक थांबले, तोवर सांडलेला मका फस्त झाला. बरोबर पाचला पलीकडे खडखड झाली. मिशीवाल्याला बिचाऱ्याला काहीच कळवलेलं नव्हतं.

कबुतरं गेली. महाराज त्यांच्याही आधी गेले.

घरट्यांतली पिल्लं उडेपर्यंत आम्ही थांबलो. मग माणसं तोंडाला मास्क लावून आली, धूळ उडू नये म्हणून त्यांनी घाण आधी पाण्याने भिजवली, मग खरवडली आणि डक्टवर जाळी ताणली. पाचव्या मजल्यावरचे आजोबा खिडकीत दाणे टाकायचे, तेही त्यांनी बंद केलं. यात चमत्कार कुठेच नाही, म्हणूनच ते टिकलं.

कबुतरांचा मला राग नाही. डबा वाजला की ती जातात, त्यांना तेवढंच कळतं. आपल्याला जास्त कळतं ना? मग कोणी हात उचलला की त्या हाताकडे बघत बसू नका, रस्त्यापलीकडे कोण काय वाजवतंय ते जाऊन बघा. आणि कोणी खोकत असेल तर डॉक्टरांचं ऐका.

आत्याचा खोकला बराच कमी झालाय. परवा सेक्रेटरीकाका पँट आखूड करायला घेऊन आले आणि दारातच घुटमळले.

"या," आत्या म्हणाली. "पण आधी गच्चीवर जाऊन शोधा. माझी दोन बटणं अजून कमी आहेत."

काका गेले शोधायला.