विझलेल्या समईचं म्हणणं

“हिच्या हातून विझली! वर्षभर राखलेली ज्योत हिने घालवली, आणि वर झाडू घेऊन उभी आहे बघा, जशी काही पाहुणीच!”

ही दोमिंगाबाई. जिच्यावर ती बोट रोखून ओरडत होती ती म्हातारी इनेसबाई, आमच्या देवळाची झाडलोट करणारी. आणि विझलेली ती मी. मी समई बोलतेय. भांडण माझ्यावरून पेटलं होतं, तरी मला कुणी एका शब्दाने विचारलं नाही. पितळेला कोण विचारतं? म्हणून आता न विचारता सांगते.

माझा जन्म कसब्यातला, सोनबा ओताऱ्याच्या भट्टीतला. त्याने मला नेहमीच्या रीतीने ओतली, माथ्यावर पिसारा फुलवलेला मोर बसवून. न्यायला आले ते पेशव्यांच्या तोफखान्यातले किरिस्ताव. मोर पाहून त्यांची तोंडं वाकडी झाली. “आमच्याकडे मोर चालत नाही. पारवा हवा.” सोनबाने त्यांच्याकडे एकदा पाहिलं, कानस उचलली, तुरा आणि पिसारा घासून टाकला. “घ्या, पारवा.” तेव्हापासून माझ्या डोक्यावर हे बोडकं पाखरू आहे. मोर म्हणावं तर शेपूट नाही, पारवा म्हणावं तर मान एवढी लांब! आणि त्याच्याकडे पाहून ही मंडळी पवित्र आत्म्याला हाक मारतात. मी ऐकून घेते.

देऊळ म्हणजे पेठेबाहेर सरकारने दिलेल्या जागेत मातीच्या चार भिंती आणि वर गवत. वेदीच्या पायरीशी मला उभी केली. जागा पाच वातींची, पण लावायची एकच, आणि ती विझू द्यायची नाही. येशू कबरीतून उठला त्या सणाला पाद्रीबाबा दाराबाहेर चकमक झाडून नवी आग काढतात. त्या आगीवरून माझी वात लागते, ती पुढच्या सणापर्यंत. चुलीतला विस्तव चालत नाही. तेल घरोघरच्या पाळीने.

म्हणजे या लोकांची तोंडं मी जेवढी जवळून पाहिली तेवढी त्यांच्या आयांनीही पाहिली नसतील. गुडघे टेकलेले, हात जोडलेले, डोळे मिटलेले. आणि आत? आत बाजार भरलेला! ओठांवर “हे आमच्या स्वर्गातल्या बापा”, आणि मनात कोकणातून सुक्या मासळीचं गाठोडं आलं की नाही. कुणी डोळे किलकिले करून शेजारणीचं लुगडं जोखते. कुणी देवाला सांगतो आहे की जमादाराचा पाय मोडू दे. मग उठताना लांब सुस्कारा सोडून म्हणायचं, “मनाला शांती म्हणून मिळत नाही हो.” मिळेल कशी? शांती दारात येऊन उभी राहिली, आत कुणीच नाही हे पाहून परत गेली. घरधनी बाजारात हिंडत असला तर तिने काय ओट्यावर मुक्काम करायचा?

दोमिंगाबाई या सगळ्यांवरची. तिच्या पाळीचं तेल काठोकाठ, आणि ओततानाची नजर माझ्यावर नाही, कोण कोण बघतंय त्यावर. निम्मं तेल पायरीवर. ते पुसायला इनेसबाई.

इनेसबाईचा एकुलता एक मुलगा कर्नाटकच्या स्वारीत तोफांबरोबर गेला तो गेलाच. तेव्हा तीही माझ्यासमोर बसायची आणि तिचं डोकं रणात हिंडून यायचं. खोटं कशाला बोलू, मी तिलाही इतरांच्याच पंगतीत बसवलं होतं. पण बाईने एक धरलं. “येशू, मी इथे आहे.” एवढंच. मन पळालं की पुन्हा, “येशू, मी इथे आहे.” शेजाऱ्याच्या मळ्यात शिरलेली शेळी कान धरून परत आणावी, तसं. न मारता, न शिव्या देता. शेळी पुन्हा पळायची, ही पुन्हा आणायची. असं किती काळ चाललं कोण जाणे, पण हळूहळू शेळी दावणीला टिकू लागली. रडणं थांबलं नाही. रडताना हात मात्र थरथरेनासे झाले. एवढ्या माणसांत मी हे एकदाच पाहिलं, म्हणून सांगते.

आता त्या सकाळचं.

निजामावर स्वारी ठरली होती, गावाबाहेर गारपिराच्या माळावर फौजेचे तंबू पडले होते. उजाडता उजाडता बोस्त्यांव एकटा आला. हा दोमिंगाबाईचा नवरा, तोफखान्यातला नावाजलेला गोलंदाज. गुडघे टेकले, ओठ हलले. मन मात्र तोफेच्या दारूच्या कोठीत, हे मला त्याच्या डोळ्यांवरूनच कळलं. या गोलंदाजांची एक सवय असते. उघड्या ज्योतीकडे पाठ फिरवून निघायचं नाही. दारूगोळ्याजवळ ज्योत सोडून जाणारा जिवंत राहत नाही. हा उठला, छातीवर क्रूस काढला, बोटांना थुंकी लावली, माझी वात चिमटीत धरून विझवली आणि चालता झाला. देवासमोरून! त्याचं त्यालाही कळलं नाही. बोटांनी परस्पर काम उरकलं.

झाडू घेऊन दारात आलेल्या इनेसबाईने ते पाहिलं.

ती काही करणार तोच बोस्त्यांव बायकोला घेऊन परत आला. त्या दिवशी तेलाची पाळी दोमिंगाबाईची होती. तिने मला पाहिलं, आणि सुरू झाली.

“पाद्रीबाबा गोव्याला. म्हणजे पुढच्या सणापर्यंत अंधार! आणि माझा माणूस उद्या तोफेवर चाललाय.” इथे तिचा आवाज फाटला. “हा अपशकुन डोक्यावर घेऊन पाठवू त्याला? अहो इनेसबाई, तुमचं बोचकं उचला आणि देवळामागची ती राहती खोली रिकामी करा. आजच.”

“किरिस्तावाला अपशकुन कधीपासून लागायला लागला गं?”

“जीभ बघा म्हातारीची! ज्योत राखता आली नाही, जीभ तेवढी राखलीय.”

“तेल सांडतंय तुझं. आधी भांडं सरळ धर.”

बोस्त्यांव भिंतीला टेकून उभा होता. तोंड राखेसारखं झालेलं. “मावशी,” तो म्हणाला, “मी जाईन. पण परत नाही येत मी. दिवाच गेला.”

माझ्या पोटातल्या घोटभर तेलावर निजामाची लढाई! हसू आलं असतं, पण त्याचे हात पाहिले. असे हात तोफेवर गेले तर खरंच परत यायचे नाहीत. इकडे म्हातारीच्या डोक्यावरचं छप्पर चाललेलं. मी आतून ओरडत होते, सांग ना बाई! नाव घे आणि सोडव स्वतःला! पण नाव घेतलं असतं तर तो गडी आपलं आयुष्य आपल्याच बोटांनी विझवलं असं समजून गेला असता. तिने त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. ओठ हलले. मला शब्द ठाऊक होते. एवढ्या कालव्यात बाई शेळी परत आणत होती.

आता मी देवळाच्या अडगळीत पडून आहे. गोव्याहून साखळीचा दिवा आला, तो उंच टांगला आहे, कुणाच्या बोटांना लागणार नाही असा. शहाणपण उशिरा सुचलं, पण सुचलं. इनेसबाई शेवटपर्यंत त्याच खोलीत राहिली. बोस्त्यांव लढाईवरून आला, एका कानाने बहिरा होऊन. दोन्ही हात मांडीवर ठेवून बसतो, आणि उठण्याआधी ज्योतीकडे नीट बघून घेतो. कधी आपल्याच अंगठ्याकडे बघून हसतो.

मला चिंच लावून घासू नका, पुन्हा मिरवायची हौस नाही. एक मात्र ऐका. देवासमोर बसायचं तर मनाला घेऊन बसा. नुसते गुडघेच आणणार असाल तर ते बाहेर ठेवा, वहाणांशेजारी.

तर त्या सकाळी इनेसबाईने झाडू भिंतीला टेकवला. दोमिंगाबाईचं तोंड पुढच्या शिवीसाठी उघडलं होतं, ते तसंच राहिलं, कारण म्हातारी तिला ओलांडून तिच्या नवऱ्यासमोर जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, “पाद्रीबाबांची आगही चकमकीचीच असते, बोस्त्यांव, आणि चकमक तुझ्या कमरेला आहे, लाव ज्योत, आणि या खेपेला बोटं जिथे असतील तिथे जरा मनही असू दे.”