सात नंबरचा ओके

मित्रांनो, मी एक जुना पोलादी पंच आहे. लांबीला तुमच्या मधल्या बोटाएवढा, जाडीला अंगठ्याएवढा. माझ्या तोंडावर 'ओके' ही इंग्रजी अक्षरं उलटी कोरलेली आहेत आणि त्यांच्या खाली सातचा आकडा. लोखंडावर मला उभं धरायचं आणि डोक्यात हातोडा घालायचा, की अक्षरं सुलटी उमटतात. एवढंच माझं काम. आधीच सांगून ठेवतो, माझा स्वभाव काळजीखोर आहे. जन्मापासून एकच शब्द बोलत आलो आणि तो बोलला की परत घेता येत नाही. मग काळजी लागणार नाही तर काय?

माझा जन्म भोसरीतल्या एका टूलरूममधला. कारागिराने भिंग लावून माझी अक्षरं कोरली, मग भट्टीत तापवून मला लालभडक केलं आणि तसंच तेलात बुडवलं. बापरे, तो चर्र आवाज! त्या दिवसापासून मी असा कडक झालो. तिथून मी चाकणच्या वाटेवरच्या एका लहान वर्कशॉपमध्ये आलो. तिथे मोटारसायकलचं ब्रेक पेडल बनतं. उजव्या पायाने दाबतात ना, तेच. त्या पेडलला एक भोक असतं. भोकात पिन बसते आणि पिनेवर पेडल हलतं. भोक नेमकं असेल तर ब्रेक चोख लागतो. जरा मोठं झालं तर पेडल डुगडुगायला लागतं, आणि एखाद्या उतारावर ऐन वेळी माणसाचा पाय नुसताच खाली जातो.

म्हणूनच तिथे माल तपासायला माणूस होता. भीमराज त्यांचं नाव. पिंपरीतल्या जुन्या कामगार घरातले, स्वभावाने शांत आणि चहाचे भारी शौकीन. सात हा त्यांचा नंबर. त्यांच्याकडे माझ्याशिवाय एक गेज होता. गेज म्हणजे दोन टोकांची गोल दांडी. एक टोक भोकात सहज गेलं पाहिजे आणि दुसरं अजिबात जाता कामा नये. भीमराज प्रत्येक पेडलला आधी गेज लावायचे आणि मगच मला उचलायचे. मित्रांनो, भोकाच्या आतलं मला काही म्हणजे काही दिसत नाही. मला लागतो तो पेडलचा वरचा सपाट भाग. गेज हो म्हणाला की त्याच्या भरवशावर मी तोंड उघडायचो.

बाकीचे लोक मात्र हा शब्द किती स्वस्तात वापरतात! धनेश आमचा सुपरवायझर. तो फोनवर 'ओके, ओके' म्हणाला, की समजायचं, त्याला बोलणं संपवायचं आहे. मालक नुसतं 'ओके?' म्हणून भुवया उंचावतात, त्याचा अर्थ 'निघा आता' असा असतो. पेपर कसा गेला असं विचारल्यावर मुलगा 'ओके' म्हणाला, तर आईने निकालापर्यंत धीर धरावा. हायवेवरच्या ट्रकांच्या पाठीवरही हा शब्द रंगवलेला असतो आणि तो तिथे का आहे, हे खुद्द ड्रायव्हरला विचारलं तरी सांगता येत नाही. आमच्या एका ऑपरेटरला होणाऱ्या बायकोकडून मेसेजमध्ये नुसतं 'ओके' आलं, तर पठ्ठ्या दिवसभर जेवला नाही. तिला राग आलाय की ती कामात आहे, हे सगळ्या वर्कशॉपने मिळून ठरवायचा प्रयत्न केला. मला हसू यायचं आणि रागही यायचा. तुमचा ओके हवेत विरून जातो. माझा लोखंडात बसतो, आणि त्याचा अर्थ एकच असतो: मी हे तपासलं आहे, बिनधास्त पाय ठेवा.

भीमराज निवृत्त झाले तेव्हा त्यांनी गेज आणि मी, दोघांनाही त्यांच्या जागी आलेल्या विजयश्रीच्या हातात दिलं. विजयश्री उदगीरकडची. नवऱ्याबरोबर इकडे आली आणि कुरुळीत खोली घेऊन राहिली. "पोरी, हा नंबर आता तुझा," भीमराज म्हणाले. "पेडल कुठंही गेलं तरी तुझं नाव घेऊन जाणार." ती नुसती मान हलवून हो म्हणाली. पण पहिल्या दिवशी तिने प्रत्येक पेडलला दोन-दोनदा गेज लावला आणि मगच मला उचललं. तिचा तो धाक पुढेही गेला नाही, म्हणून ती मला फार आवडली. गावाकडे आईला फोन करताना ती विचारायची, "तब्येत ओके हाय ना?" तिकडून ओके असं उत्तर आलं, तरी तिची चौकशी चालूच राहायची. गुडघ्याचं विचारायची, गोळ्यांचं विचारायची. तशीच ती पेडललाही नुसत्या नजरेने कधी सोडायची नाही.

आता त्या खंडेनवमीचं सांगतो.

आमच्या पट्ट्यात त्या दिवशी मशीन आणि हत्यारांची पूजा असते. सकाळी सगळं धुऊन पुसून घेतलं. चौरंगावर पाने, पक्कड, हातोडे मांडले. मधोमध गेज आणि त्याच्या शेजारी मी. हळदकुंकू झालं, झेंडूच्या माळा झाल्या, पेढे वाटले. पूजेला मांडलेली वस्तू दसऱ्यापर्यंत हलवायची नाही, ही तिथली रीत. दुपारी सगळे घरी गेले. समईत तेल घालायला संध्याकाळी येईन, असं विजयश्रीने सांगून ठेवलं होतं.

एकटा धनेश मागे थांबला होता आणि तेवढ्यात त्याचा फोन वाजला. दसऱ्याला लोक नव्या गाड्या घेतात. आमचा माल घेणाऱ्या मोठ्या मोटारसायकल कंपनीला पेडलं आत्ताच्या आत्ता हवी होती, नाहीतर तिथली गाड्या जोडायची लाइन थांबली असती. आदल्या शिफ्टचे ट्रे तपासायचे राहिले होते. धनेश चौरंगासमोर आला. बिचारा घाबरलेला होता, ते दिसत होतं. त्याने हात जोडले, "देवा, माफ कर," असं पुटपुटला आणि मला उचललं. माझं कुंकू शर्टाला पुसलं. गेजकडे त्याने पाहिलं, पण हात मागे घेतला. पंचाच्या खुणेशिवाय कंपनीच्या गेटवर माल घेत नाहीत, म्हणून मला हलवणं त्याला भाग होतं. गेजविना निभेल, असं त्याला वाटलं. एकाच्या जागी दोन वस्तू हलवून दुप्पट पाप कशाला, असा त्याचा भाबडा हिशेब.

मग हातोडा सुरू झाला. ठक, ठक, ठक. अरे, गेज कुठे आहे? गेज आण ना! मी आतल्या आत ओरडत होतो. पण मला बोलता येतो तो एकच शब्द, आणि प्रत्येक घावाला तोच बाहेर पडत होता. पेडलं चांगली होती की वाईट, देव जाणे. ते न कळणंच मला खात होतं.

टेम्पो निघून गेला आणि थोड्याच वेळात विजयश्री तेलाची बाटली घेऊन आली. समईकडे वळता वळता ती थबकली. गेजवर कुंकू जसंच्या तसं होतं, आणि मी मात्र लखलखीत पुसलेला.

"भाऊ, पंच कुणी उचलला?"

"ताई, अर्जंट होतं. माल गेला."

"गेज न लावता?"

"पूजेतला होता ना तो. आणि मशीनचं सेटिंग कालचंच होतं राव, टेन्शन नका घेऊ."

विजयश्रीचा चेहरा उतरला. खराब रंगाचं म्हणून बाजूला टाकलेलं त्याच शिफ्टचं एक पेडल कोपऱ्यात पडलं होतं. तिने ते आणलं. चौरंगाला नमस्कार केला आणि गेज उचलला. जे टोक आत जाता कामा नये, ते सुळ्ळकन आत गेलं.

"मालक मला उभा जाळतील," धनेश म्हणाला.

"मालकाचं नंतर बघू. गाडी काढा आधी. कुणाचा तरी पाय पडणाराय त्याच्यावर!"

पुन्हा कुणी हात लावू नये म्हणून तिने मला पर्समध्ये टाकलं. धनेशच्या मोटारसायकलवर आम्ही निघालो. टेम्पोचे ड्रायव्हर लक्ष्मणराव फोन उचलत नव्हते. चाकणच्या चौकात ही गर्दी! कंटेनर, कंपनीच्या बसेस, झेंडूच्या गाड्या, सगळे एकमेकांत अडकलेले. एरवी सगळे त्या ट्रॅफिकला शिव्या घालतात. मी मात्र मनात म्हणत होतो, अजून तुंबू दे, कुणीच पुढे जाऊ नये. आणि खरंच, चौकाच्या पलीकडे टेम्पो कडेला उभा दिसला. लक्ष्मणराव निवांत फुलांचा भाव करत होते.

विजयश्रीने तिथूनच कंपनीत फोन लावला आणि माल येणार नाही, असं सांगितलं. मग मालकांचा फोन आला. ते इतके मोठ्याने बोलत होते की मला पर्समध्ये ऐकू आलं. धनेशने तिच्या हातातून फोन घेतला. "साहेब, ताईंची काही चूक नाही. मी केलंय हे," तो म्हणाला. तेव्हा मला त्याचं वाईट वाटलं आणि कौतुकही वाटलं.

टेम्पो वर्कशॉपला परत आणून तिने प्रत्येक पेडलला गेज लावला. पुष्कळशी चांगली निघाली. जी नापास झाली, त्यांच्यावरचा माझा ओके तिने छिन्नीने खोडला. प्रत्येक घावाला माझा जीव तुटत होता, पण मी म्हणत होतो, खोड बाई, एकही ठेवू नकोस.

शेवटचा ट्रे राहिला. ट्रेमध्ये प्रत्येक पेडलला आपली खाच असते. त्या ट्रेमध्ये एक खाच रिकामी होती.

"ही आधीपासून रिकामी होती का?" तिने विचारलं.

धनेशने डोकं धरलं. "आठवत नाही ताई. आईशप्पथ आठवत नाही."

टेम्पो झाडून पाहिला. दसरा असूनही सकाळी तिघांनी रस्ता धुंडाळला. फुलवाल्यांना विचारलं, गॅरेजवाल्यांना विचारलं. काहीच मिळालं नाही. कदाचित खाच खरोखरच रिकामी असेल. कदाचित कुणाला रस्त्यात पेडल सापडलं असेल, त्यावरचा ओके वाचून ते खूश झाले असतील आणि आपल्या गाडीला लावून मोकळे झाले असतील. लावणारच ना! मीच तर सांगितलं होतं चांगलं आहे म्हणून.

त्यानंतर, नवा माल त्या पेडलपासून वेगळा ओळखू यावा म्हणून, वर्कशॉपमध्ये वेगळ्या अक्षरांचा नवा पंच आला. मला भंगारात टाकणार होते, पण विजयश्रीने मागून घेतलं. आता मी तिच्या खोलीत फळीवर एका डब्यात असतो. ते पेडल कधी सापडलंच, तर त्याच्यावरची अक्षरं माझ्याशी ताडून बघायची आहेत तिला. रस्त्यात उभी असलेली मोटारसायकल दिसली की ती वाकून ब्रेककडे बघते. लोक विचित्र नजरेने पाहतात. परवा एक जण म्हणाला, "काय शोधताय ताई?" ती पुढच्या गाडीपाशी जाऊन वाकली.

मित्रांनो, म्हणून तुमच्याकडे एक मागणं आहे. घरातलं कुणी मोटारसायकल काढत असेल, तर त्यांना म्हणा, थांबा, आधी जागेवरच ब्रेक दाबून बघा. पेडल डुगडुगतंय असं वाटलं, तर गाडी तशीच उभी करा आणि मेकॅनिकला बोलवा. आई हसेल, बाबा रागावतील, चालेल. आणि त्या पेडलवर 'ओके' लिहिलेलं दिसलं, खाली सातचा आकडा असला, तर माझं ऐकू नका.