वाजवून दाखवायची रीत

नागपूरच्या महाल भागातल्या रामाच्या देवळात कीर्तन असलं की मार्तंड पहिल्या रांगेत खांबाला पाठ टेकून बसलेला असायचाच. रामदासपेठेतल्या एका दवाखान्यात तो रेकॉर्ड विभागात कारकून. दिवसभर लोकांच्या दुखण्यांच्या फायली लावायच्या आणि सुट्टी झाली की स्कूटर थेट देवळाकडे वळवायची. कीर्तनकार अरुंधतीबाईंनी पूर्वरंगाचा अभंग उचलला की पहिल्याच चरणाला त्याला कळायचं, आज आख्यान कोणतं लागणार. एकदा मध्यंतरात, बुक्का लावणं चाललेलं असताना, बाई सगळ्यांदेखत म्हणाल्या, “सांगणारे गल्लोगल्ली आहेत. ऐकणारा असा एखादाच.”

ते वाक्य मार्तंडनं घरी येऊन बायकोला तीनदा सांगितलं. चौथ्यांदा सुरुवात केली तेव्हा वंदना म्हणाली, “ऐकलं. दूध उतू जाऊन राहिलं तिकडे, ते ऐकू येते का बघा.”

नवविधा भक्तीत श्रवणाला पहिला मान आहे, आणि तो मान आपण राखला असं मार्तंडला मनापासून वाटत असे. ते खोटंही नव्हतं. देवळापुरतं तर नव्हतंच.

अशा माणसाच्या घरात गिटार आली ती वंदनाच्या भावामुळे. केयूर नोकरीला पुण्याला गेला तेव्हा त्यानं आपली विजेवरची गिटार आणि तिचा आवाज मोठा करणारा छोटा अँप भाचीला देऊन टाकला. वैदेही तेव्हा पाचवीत होती. गिटार तिच्यापेक्षा जड. पण पोरगी चिकट. बोटांच्या टोकांना घट्टे पडेपर्यंत वाजवलं तिनं, आणि आठवीपर्यंत गिटारच्या तीन परीक्षाही दिल्या. निकाल आला की मार्तंड पेढे आणायचा. गिटार सुरू झाली की मात्र, “दार लाव गं जरा,” म्हणायचा.

वैदेही मोबाइलवरच्या एका गटात होती. नागपुरातली गिटारवाली मंडळी तिथं आपापल्या वस्तूंची अदलाबदल करत. कुणाला आवाज बदलायचं पेडल नको असे, कुणाला पट्टा हवा असे. पैशाचा व्यवहार नाही, वस्तूला वस्तू. आणि त्या गटाची एक रीत होती. आपली वस्तू द्यायची तर समोरच्यापुढे बसून ती एकदा पुरी वाजवून दाखवायची. त्याची त्यानं, आपली आपण. दोघांनी एकमेकांचं ऐकून घेतलं की सौदा पक्का, मग माघार नाही. वैदेहीनं ही रीत बापाला मोठ्या कौतुकानं सांगितली होती. तो म्हणाला, “अरे वा,” आणि वर्तमानपत्र उलटलं.

आठवीच्या शेवटी शाळेत पालकांची सभा झाली. हेडक्लार्क चंपतरावांनी कागद वाचून दाखवला. शास्त्रीय गायन-वादनाच्या ठरावीक परीक्षा पास असल्या तर दहावीला वरचे गुण मिळतील. मार्तंडनं हात वर केला, “गिटारच्या चालतील का?”

“गिटारच्या नाही चालत गा. पेटी, तबला, गाणं असं पाहिजे.”

घरी येईपर्यंत त्याच्या डोक्यात सगळं पक्कं झालं होतं. पोरगी हुशार, पण वर नुसती गर्दी आहे. दोन-तीन गुणांनी कॉलेज हुकतं. गिटार देऊन पेटी घ्यायची, दोन वर्षं क्लास लावायचा, गुण घ्यायचे. आणि पेटी म्हणजे काय, देवाघरचं वाद्य. उद्या देवळात अरुंधतीबाईंच्या मागं बसून साथ केली तर? हा विचार आला तेव्हा तर त्याला भरूनच आलं.

“तुझ्या त्या गटात टाक ना,” तो वैदेहीला म्हणाला. “कोणी पेटी देते का बघ.”

ती थोडा वेळ गिटारच्या खुंट्यांशी चाळा करत बसली. मग, “टाकते,” म्हणाली. फोटो तिनंच काढला, मजकूरही तिनंच लिहिला. मार्तंडनं त्याचा अर्थ लावला, की पोरीला पटलं.

उत्तर आलं हिंगण्याहून. नानाजी तिथल्या एका कारखान्यात फिटर, मूळचे पारशिवनीकडचे. पाळ्या सांभाळून कामगार वस्तीत भजनी मंडळ चालवायचे. मंडळात पेट्या झाल्या होत्या दोन आणि वाजवणारा उरला होता एक. शिवाय कुठंतरी भजनाला गिटारची साथ ऐकून त्यांना त्या वाद्याचं वेड लागलं होतं. मे महिन्यातल्या एका रविवारी बाप-लेक गिटार आणि अँप घेऊन त्यांच्याकडे गेले. नानाजींच्या बायकोनं, वच्छलाबाईंनी, दारातच सांगितलं, “या वं बाई. म्हाताऱ्याले सवत पाह्यजे हाये पेटीले.”

आधी नानाजींनी पेटी वाजवली. ती मार्तंडनं डोळे मिटून ऐकली, दादही दिली. मग वैदेहीनं अँप जोडला, आणि तेवढ्यात मार्तंडचा फोन वाजला. पेटीच्या क्लासच्या मॅडम होत्या. तो बोलत बोलत बाहेर कडुनिंबाखाली गेला. आत आला तेव्हा वाजवून झालं होतं. नानाजी दुपट्ट्यानं तोंड पुसत होते. मार्तंडला वाटलं, उकाडा.

पुढची दीड वर्षं वैदेहीनं पेटी केली. नुसती नावाला नाही, नीट केली. सकाळी अर्धा तास, घड्याळ लावून. दोन परीक्षा पास झाली. पण घड्याळ वाजलं की भाता बंद, वर झाकण, त्यावर शाळेचं दप्तर. देवळात साथीला चल म्हटलं तर म्हणायची, “अभ्यास आहे.” तिचा आवाज कधी चढला नाही. वंदना एकदा म्हणाली, “पोरगी आजकाल गुणगुणत नाही हो.” मार्तंड म्हणाला, “मोठी झाली.”

दहावीच्या डिसेंबरात वाढीव गुणांचे अर्ज भरायचे होते. मार्तंड दोन्ही प्रमाणपत्रं प्लास्टिकच्या पिशवीत घालून शाळेत गेला. चंपतरावांनी चष्मा वर सारला, प्रमाणपत्रं पाहिली, मग ड्रॉवरमधून एक कागद काढला.

“हे नवीन आलं आहे. याच्यात संस्थांची नवी यादी आहे. तुमच्या क्लासची संस्था नाही दिसून राहिली याच्यात.”

“नाही म्हणजे? मागच्या वर्षी तर होती.”

“मागच्या वर्षी होती. औंदा नाही. मी काय करू गा, कागद वरून येते. सहा महिन्यांनी अजून एखादा येईन.”

“अहो, पण तुमच्याच तोंडून ऐकून मी पोरीला पेटीला घातलं.”

“मी तं कागद वाचला होता, मार्तंडराव.” चंपतराव माणूस वाईट नव्हता. त्यानं चहा मागवला आणि कागद पुन्हा खालपर्यंत वाचला. काहीतरी द्यावं म्हणून म्हणाला, “पण हे बघा, आता गिटारही धरते म्हणतात. पाश्चात्त्य वाद्य चालते असं लिहिलं आहे. तुमची पोरगी वाजवायची ना? कितवी परीक्षा झाली होती?”

“तिसरी.”

“पाचवी पाहिजे.” त्यानं बोटांवर वर्षं मोजली. “थोडं थांबले असते तं आरामात होऊन गेली असती.”

चहा तसाच निवला.

घरी त्यानं सांगितलं तेव्हा वैदेही भूमितीची आकृती काढत होती. तिनं कंपासचं टोक कागदावरून उचललंही नाही. “बरं,” म्हणाली.

“बरं काय? राग नाही आला तुला?”

“राग येऊन मार्क मिळणार आहेत का, बाबा?”

ती चिडली असती, रडली असती, तर मार्तंडला काही बोलता आलं असतं. समजूत घालण्याचे शब्द त्याच्यापाशी पुष्कळ होते, दर आठवड्याला तो तेच ऐकत होता. पण न मागणाऱ्याला काय द्यायचं? रात्रभर विचार करून त्यानं ठरवलं, गिटार परत आणायची. गुण गेले तर गेले. पोरीची वस्तू पोरीला मिळाली म्हणजे घर पहिल्यासारखं होईल. रविवारी सकाळी त्यानं पेटी स्कूटरच्या मागच्या सीटवर दोरीनं बांधली आणि कुणाला न सांगता हिंगण्याची वाट धरली.

नानाजी पहिल्या पाळीची सुट्टी म्हणून अंगणात उन्हाला बसले होते. पेटी पाहून उठले, तिच्यावरून हात फिरवला. “हे काहून आणली गा परत? बिघडली का?”

मार्तंडनं सगळं सांगितलं. नवा कागद, यादी, पाचवी परीक्षा. नानाजी मान हलवत ऐकत होते.

“सायबाच्या पोराचं बी तसंच झालं आमच्या कंपनीत,” ते म्हणाले. “आयटीआय केला, तं म्हणे आता डिप्लोमा पाह्यजे. पण तुमी गिटार न्याले आले म्हणता. सौदा तं झाला ना. वाजवून दाखवली होती पोरीनं.”

“मला रीत ठाऊक आहे. पण चूक माझी होती, नानाजी. तिची नव्हती.”

वच्छलाबाई आतून म्हणाल्या, “द्या ना देऊन. लेकराची वस्तू हाये.”

“तू थांब वं.” नानाजी आत गेले. गिटार घेऊन आले. तिला कोऱ्या कापडाचा अभ्रा शिवलेला होता, पट्ट्याला मंडळातल्या कुणीतरी तुळशीमाळेतला एक मणी ओवला होता. तारा लखलखत होत्या. ती मांडीवर ठेवून ते म्हणाले, “मले अजून नीट येत नाही. भजनात नुसता सूर धरून ठेवतो. पण पोरीनं वाजवलं होतं ना, तसं यावं म्हणून रोज ऐकतो. मोबाइलमध्ये धरून ठेवलं होतं मी त्या दिवशी. तुमी तं ऐकलंच असन.”

“मी बाहेर होतो.”

“हो का?” नानाजींना खरंच नवल वाटलं. “मंग ऐका.”

त्यांनी मोबाइल ओट्यावर ठेवला. आधी वच्छलाबाईंच्या भांड्यांचा आवाज आला, मग गिटार. मार्तंडनं सवयीनं डोळे मिटले. एक छोटी चाल होती, कुठल्या गाण्याची त्याला कळेना. ती पुनःपुन्हा येई, आणि दर वेळी थोडी वेगळी होऊन येई, जसा चांगला कीर्तनकार एकच चरण घोळवत नेतो आणि दर खेपेला आत आणखी एक खोली उघडते. इतकं काही ह्या पोरीच्या हातात आहे? आपल्या घरात, त्या बंद दाराआड, हे वाजत होतं? 

आणि मग गिटारच्या मागून एक माणूस बोलायला लागला. लांबून, पण स्पष्ट. तो आवाज मार्तंडचा होता.

“छे छे, मॅडम, जबरदस्ती मुळीच नाही. तिचीच इच्छा आहे. गिटारचा नाद तिचा तिनंच सोडला. हसत हसत देऊन राहिली ती.”

गिटार थांबली. सूर संपला म्हणून नाही, मधेच. भांडंही वाजत नव्हतं. बाहेरचा माणूस मोठ्यानं हसला, क्लासच्या वेळा विचारू लागला. बराच वेळ नुसता तोच बोलत होता. मग चाल पुन्हा सुरू झाली, सुरुवातीपासून नाही, तुटली होती तिथूनच. शेवटपर्यंत गेली. नानाजींचा आवाज आला, “जियो, बेटा.” आणि संपलं.

मार्तंड ओट्यावर बसून राहिला. नानाजींनी मोबाइल खिशात घातला. त्यांनी हे शंभरदा ऐकलं असणार, पण त्या आवाजाकडे कधी लक्ष दिलं नसावं. किंवा दिलंही असेल. त्यांच्या चेहऱ्यावरून काही कळत नव्हतं.

“गिटार पोरीची होती,” ते हळू म्हणाले. “दिली बी तिनंच. तिले घेऊन या. तिनं द्या म्हटलं तं या क्षणी देतो, पेटी बी ठेवा तुमी. पण तुमच्या हातात नाही देत, मार्तंडराव. राग नका मानू.”

“नाही,” मार्तंड म्हणाला. “बरोबर आहे तुमचं.”

परत येताना त्यानं स्कूटर इतकी सावकाश चालवली की मागची कंपनीची बस हॉर्न वाजवून वाजवून शेवटी बाजूनं गेली.

वैदेही गच्चीवर अभ्यासाला बसली होती. तो पायऱ्या चढून वर गेला, कठड्यापाशी उभा राहिला.

“हिंगण्याला गेलो होतो.”

तिनं वर पाहिलं.

“गिटार चांगली ठेवली आहे त्यांनी. देतो म्हणाले. तू मागितली तर. चलतेस?”

ती विचारात पडली. खरोखर पडली, हे त्याला दिसलं. “ते वाजवतात का?”

“भजनात. सूर धरतात.”

“मग असू द्या त्यांच्याकडे.” तिनं पुस्तकाचं पान दाबून धरलं. “माझी बोटं आता मऊ झाली, बाबा. आणि मी वाजवून दाखवली होती त्यांना. ते रडले होते ऐकून. आता परत कसं मागायचं?”

“मी ऐकलं आज,” मार्तंड म्हणाला. “त्यांच्या मोबाइलमध्ये होतं.”

“पूर्ण?”

“पूर्ण.”

 शेजारच्या गच्चीवर कुणी वड्या वाळत घालत होतं. मग वैदेहीनं विचारलं, “तुमचा आवाज येतो त्यात?”

“येतो.” त्याच्या तोंडून पुढं काहीतरी निघणार होतं, त्या मॅडम स्वतःच्या इच्छेनं येणाऱ्यांनाच क्लासला घेत, असं काहीसं. ते त्यानं गिळलं. “मी खोटं बोललो, वैदेही.”

“खोटं बोलल्याचं नाही वाटलं एवढं.” ती पानाकडे बघूनच बोलत होती. “मी थांबले होते ना मधे. मला वाटलं, गिटार बंद झाली हे तुम्हाला ऐकू येईल. काय झालं म्हणून फोन ठेवून आत याल. थोडी वाट बघितली मी.”

 मार्तंड तिच्यासमोर सिमेंटवर खाली बसला. तिनं पुस्तक ओढून घेतलं आणि गणित पुढं चालू केलं. एक उदाहरण सुटल्यावर तिनं विचारलं, “पेटी कुठं आहे?”

“खाली. स्कूटरवरच बांधलेली.”

“उन्हात?” ती उठली, चपला घातल्या. “लाकूड तडकेल. चला.”

दोघं खाली गेले. दोरीच्या गाठी ओढून ओढून घट्ट बसल्या होत्या, त्या तिनंच सोडवल्या. एका बाजूची कडी तिनं धरली, दुसऱ्या बाजूची त्यानं. पेटी दोघांच्या मधे घेऊन ते जिना चढू लागले. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर ती म्हणाली, “जरा टेकवा, बाबा,” आणि पेटी पायरीवर ठेवून दोघं श्वास घेत उभे राहिले.